पूर ओसरल्यावरचे शेजारी

मध्यंतरी कोल्हापुरात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. विषय एकच होता, कॉलनीच्या मागच्या मोकळ्या जागेत गरिबांसाठी घरकुलं होणार अशी कुणकुण लागलीय तर आपण काय करायचं. जागा म्हणजे पोरं क्रिकेट खेळतात तिथं, गणपतीत मांडव पडतो, बाकी वर्षभर गाजरगवत आणि कुणाकुणाच्या बांधकामातून उरलेली खडी-वाळू पडलेली असते. एरवी वार्षिक सभेला कोरम होत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या, लोक मागं भिंतीला टेकून उभे. ड्रेनेजवर ताण येईल, गाड्या कुठं लावायच्या, पोरीबाळी क्लासवरनं अंधारात येतात, असं एकेक जण बोलत होता. मग आमच्या गल्लीतले काका उठले. काकांबद्दल आधी सांगायला पाहिजे, 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा या माणसानं आपला तळमजला रिकामा करून दिलेला, स्वतःचं सामान माडीवर नेऊन. ओळख ना पाळख अशी तीन कुटुंबं तिथं राहिली, त्यातल्या एका घरात बाळंतीण होती, तिला काकूंनी रोज डिंकाचा लाडू आणि गरम पाणी दिलं. हे मी डोळ्यानं बघितलंय. तर ते काका शांतपणे म्हणाले, "पुरात चार दिवस ठेवून घेणं वेगळं. ती माणुसकी झाली. पण कायमचं शेजारी आणून बसवायचं म्हटलं की विचार करायला लागतो बघा."

सगळ्यांच्या माना हलल्या.

मी विचारलं, मग त्यांनी जायचं कुठं काका? तर म्हणाले, "शहराबाहेर भरपूर जागा पडलीय की, हायवेच्या पलीकडं बघा. आणि दिलेली घरं तरी कुठं ठेवतात हे लोक, भाड्यानं देतात नाहीतर विकून परत जागच्या जागी." चहा आला, हरकतीचा अर्ज फिरला. मी सही केली नाही आणि का करणार नाही तेही तिथंच सांगितलं, त्यावर कुणी भांडलं वगैरे नाही, पेन पुढच्या खुर्चीकडं गेलं एवढंच. पण काकांचं ते वाक्य काही डोक्यातनं जाईना. दुसरं कुणी बोललं असतं तर मी एवढा विचार केलाही नसता. कंजूष माणसानं दार लावून घेतलं तर त्यात नवल काय, पण ज्यानं दार उघडलेलं आपण बघितलंय त्यानं असं म्हणावं, याचं काय करायचं?

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "पाणी किती फुटावर?" कुठलं पाणी ते सांगायला लागत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे आकडे आमच्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, दोन वर्षांनी 2021 च्या जुलैत 56 च्याही वर. 2005 चा पूर बघितलेले लोक आधी म्हणायचे की तसा परत येणार नाही, आता असं कुणी म्हणत नाही. 2019 ला शहराभोवती समुद्रासारखं पाणी आणि नळाला मात्र पाणी नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. शिरोलीजवळ हायवे बंद, ट्रकांच्या रांगा, पेट्रोल नाही, दूध नाही. आणि त्याच दिवसांत या शहरानं जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. गल्लीगल्लीत भाकरी भाजल्या जात होत्या, घरटी वीस भाकरी असा निरोप फिरला तर लोकांनी चाळीस-चाळीस दिल्या, तालमीची पोरं ट्रॅक्टरवर आणि होडीत, कुणी साड्या आणून दिल्या, कुणी लहान पोरांची औषधं, कुणी नुसतं येऊन झाडू मारला. भाकरीच्या चवडीवर घातलेलं फडकं, पिठल्याचा वास, ओल्या गोधड्यांचा वास आणि या सगळ्याच्या खाली तो पुराच्या गाळाचा कुजका वास, घशात बसणारा. पाणी उतरल्यावर भिंतीवर उमटलेली ती रेघ. काही घरांवर 2019 ची आणि 2021 ची अशा दोन्ही रेघा दिसतात, रंग दिला तरी ओल येऊन परत वर येतात.

नाल्याकाठच्या सुतारवाड्यातली माणसं तर दर पावसाळ्याला निघतात. मोठा पूर यायचीसुद्धा गरज नाही, जयंती नाला फुगला की झालं. दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात त्यांची सोय होते, पेपरात फोटो येतो, ट्रंक, गॅसची शेगडी, कपड्यांचं गाठोडं, कडेवर पोर. पुढच्या वर्षी परत तोच फोटो, पोर तेवढं एक वर्षानं मोठं झालेलं. फोटोखाली दरवेळी एक ओळ असते की कायमस्वरूपी पुनर्वसनाची मागणी होत आहे. मी कितीतरी वर्षं ही ओळ वाचतेय. मठ, मुस्लिम बोर्डिंग, महापालिकेच्या शाळा, पाऊस असेपर्यंत सगळी दारं उघडी असतात. ऑगस्ट संपतो, शाळा भरायच्या असतात, मठात कार्यक्रम असतात, माणसं परत नाल्याकाठी जातात, भिंत खरवडतात, चुना मारतात आणि गणपती बसवतात.

आता या बोर्डिंगांचं बघा. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली, खेड्यातनं शिकायला येणाऱ्या पोराला डोकं टेकायला जागा पाहिजे म्हणून. आपण हे भाषणात दरवर्षी ऐकतो, सव्वीस जूनला ऐकतोच ऐकतो. पण मला अलीकडं वाटायला लागलंय की त्यातली एक गोष्ट आपण नीट बघत नाही. ती जागा कुठं दिली? दसरा चौक! राजवाड्यापासनं, बाजारापासनं, कोर्टकचेरीपासनं चालत जायच्या अंतरावर. गरिबाची पोरं आहेत म्हणून त्यांना गावाबाहेर माळावर नेऊन ठेवलं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी शहराच्या पोटात जागा सोडली म्हणून आज पुरात तिथं शंभर-दोनशे माणसं झोपू शकतात. आपल्या पिढीनं अशी कुठली जागा सोडली, हा प्रश्न मी त्या मीटिंगमध्ये विचारायला पाहिजे होता असं नाही, तो तेव्हा सुचलाच नव्हता, नंतर दसरा चौकात सिग्नलला थांबलेली असताना सुचला.

मी नोकरीची बरीच वर्षं एका सहकारी बँकेत कर्ज विभागात काढली. घरासाठी माणसं काय काय करतात ते त्या टेबलापलीकडनं बघितलं. पंतप्रधान आवास योजना 2015 ला आली तेव्हा आमच्याकडं चौकशीला नुसती रीघ. ज्याची स्वतःची जागा आहे, नावावर कागद आहे, त्याला बांधकामासाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख टप्प्याटप्प्यानं, पाया झाला की फोटो, स्लॅब पडला की फोटो. त्यात कितीतरी घरं झाली, चांगली झाली, पत्रे जाऊन स्लॅब आले, ते मी नाकारत नाही. पण ज्याच्या नावावर जागाच नाही त्याचं काय? चाळीस वर्षं एका जागेवर राहतोय, घरफाळा भरतोय, लाईट बिल नावावर आहे, पण प्रॉपर्टी कार्ड नाही. मग आधी ती वस्ती नियमित व्हायला पाहिजे. सरकारी जागेवरची 2011 च्या आधीची राहती अतिक्रमणं नियमित करायचं धोरण राज्यानं 2018 मध्ये काढलं, पण जागा नक्की कुणाची, महापालिकेची, महसूलची की खासगी, यावरच फायली या टेबलावरनं त्या टेबलावर. आणि सुतारवाड्यासारख्या ठिकाणी कागद मिळाला तरी उपयोग काय, निळ्या पूररेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे, तिथं बांधूच नये. म्हणजे त्या माणसाला दुसरीकडं तयार घरच द्यायला लागणार, आणि त्यासाठी आधी महापालिकेकडं जागा पाहिजे.

तयार घराची योजना आहे, नाही असं नाही. 30 चौरस मीटर, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर. अनुदान वजा जाता उरलेले पैसे लाभार्थ्यानं भरायचे, म्हणजे बँकेत यायचं. इथं जे व्हायचं ते मला कधीच पटलं नाही. योजनेत बसायचं तर तहसीलदाराचा दाखला पाहिजे, वर्षाचं उत्पन्न 3 लाखांच्या आत. कर्ज पाहिजे तर बँकेला दाखवायचं की मी दरमहा हप्ता भरू शकतो, पगारपत्रक आणा, रिटर्न आणा, दोन जामीनदार आणा. एकाच माणसानं एकीकडं गरीब दिसायचं आणि दुसरीकडं कमावता. भाजीची हातगाडी चालवणाऱ्या एका बाईंनी माझ्यासमोर पिशवीतनं पिग्मीची पासबुकं काढून ठेवली, रोजचे पन्नास, रोजचे शंभर, एक दिवस चुकलेला नाही. म्हणाल्या, "मॅडम, ह्याच्यापरीस मोठा पुरावा काय आणू वो मी?" नियमात पिग्मीचं पासबुक बसत नव्हतं. मी वर विचारलं, लेखी विचारलं, उत्तर तेच आलं. त्या बाई चिडल्या नाहीत, पासबुकं एकावर एक नीट लावून परत पिशवीत ठेवली आणि गेल्या. त्यांची ती पिशवी, साडीच्या दुकानाची, बंद तुटून गाठ मारलेली, अजून डोळ्यासमोर येते.

आणि भाड्यानं देतात, विकतात, हे काकांचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, होतं तसं. आमच्या ओळखीचे एक रिक्षावाले दादा आहेत, माझ्या सासूबाईंना दवाखान्यात नेताना वर्षानुवर्षं त्यांचीच रिक्षा. त्यांना एका जुन्या योजनेत घर मिळालेलं, शहराच्या पार कडेला, तिसऱ्या मजल्यावर. ते आता परत जुन्या वस्तीजवळ खोली घेऊन राहतात. मीटिंगनंतर एकदा त्यांच्या रिक्षात बसले होते, मी सरळच विचारलं. तेही सरळच बोलले. "भाड्यानं दिलंय मॅडम, लपवायचं काय त्यात. आईचं गुडघं गेलेलं, वर चढली की चार-चार दिवस खाली उतरत नव्हती, जेलात ठेवल्यागत झालं तिला. बायकोची कामं समदी ताराबाई पार्कात, हितनं चालत जाती, तिकडनं दोन केएमटी बदलायच्या, पगारातलं जायला-यायलाच निम्मं जायला लागलं, मग चार घरातली दोन सुटली. रिक्षा खाली लावायला जागा न्हाई, रस्त्यावर लावली तर एकदा बॅटरी गेली, एकदा टपाची रेक्झिन फाडली. तिकडचं भाडं येतंय, हिकडचं भाडं जातंय. घर वाईट न्हवतं वो. संडास आतमध्ये, नळ आतमध्ये, पोरगी लई खूश होती." मग थोडं थांबून म्हणाले, पोरगी अजून विचारते, आपल्या घरी कधी जायचं.

घर मिळालं आणि कामं गेली. यात त्या माणसानं योजनेला फसवलं असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. आपण स्वतः घर बघताना काय बघतो? ऑफिस किती लांब, शाळा किती लांब, आईवडलांना लिफ्ट आहे का, गाडी कुठं लावायची. हेच प्रश्न त्यांनी विचारले की आपल्याला वाटतं नखरे करतात. आणि त्यांच्याकडं तर घर म्हणजे निम्मा धंदाही असतो, दारात हातगाडी लागते, अंगणात चिरमुऱ्याची पोती असतात, शिलाई मशीन उंबऱ्याशी उजेडात असतं, म्हैस असते कुणाकडं. तिसऱ्या मजल्यावर यातलं काही जात नाही. आराखडा काढणाऱ्यानं तिथं एक संध्याकाळ जाऊन बसायला पाहिजे होतं, एवढंच.

यानंतर मला सारखी आमचीच कॉलनी दिसायला लागली. आम्ही मूळचे मंगळवार पेठेतले, आजोबा शाहू मिलमध्ये, दोन खणांची भाड्याची खोली, गल्लीत कॉर्पोरेशनची चावी, म्हणजे नळ, तिथं पहाटे घागरी लावायच्या आणि कुणाची घागर पुढं सरकली यावरनं रोज भांडणं व्हायची. मिलच्या भोंग्यावर आई डाळ शिजायला टाकायची. भाडं किरकोळ होतं, भाडे नियंत्रण कायद्यामुळं वाढत नव्हतं, म्हणून तर वडलांना शिकता आलं. पुढं वडील सरकारी ऑफिसात कारकून झाले, त्यांच्यासारख्यांनी मिळून गृहनिर्माण संस्था काढली, सरकारी जमीन सवलतीच्या दरात मिळाली, घरबांधणी अग्रिम मिळाला, कमी व्याजानं, हप्ता परस्पर पगारातनं कापला जायचा. काकांचंही असंच, काकांचे वडीलही त्याच संस्थेत सभासद. घर बांधायला आमच्या घरच्यांनी खस्ता काढल्याच, आई वाळूवर पाणी मारायला स्वतः जायची, दोन वर्षं घरात नवीन कपडा आला नव्हता, ते कष्ट मी कमी लेखत नाही. पण त्या कष्टांच्या खाली सरकारनं दिलेली जमीन होती. ती तेव्हा गावाबाहेर होती असं म्हणतात सगळे, हो, होती, पण शहर वाढत येणार हे माहीत असलेली होती. मला हे काकांना सांगायचं होतं आणि मी नंतर एकदा त्यांच्या घरी जाऊन सांगितलंही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं आहे तुझं. पण माझ्या पोराला हे घर विकून पुण्यात फ्लॅट घ्यायचाय गं, मागं घरकुल आलं तर भाव पडतो, तो मला बोलतोय." म्हणजे काकांचीही पंचाईत आहेच. त्यांना पोरगा परत येणार नाही हे माहीत आहे आणि घराची किंमत हीच आता त्या पोराशी बोलायची एक गोष्ट उरलीय. मला त्यांचा राग येत नाही. पण म्हणून ती जागा मोकळी ठेवावी असंही वाटत नाही.

राहिलं ते "शहराबाहेर भरपूर जागा". कोल्हापूरकराला यावर जास्त सांगायची गरज नाही. 1972 ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली पण हद्द तीच राहिली, 66.82 चौरस किलोमीटर. हद्दवाढीसाठी शहरात आंदोलनं, हद्दवाढीविरोधात गावांत आंदोलनं, गाव बंद, रास्ता रोको, मग 2017 ला मधला मार्ग म्हणून 42 गावांचं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण. गावांचं म्हणणं मला अर्धं तरी पटतं, शहरातल्याच उपनगरांना जे रस्ते-पाणी मिळालं नाही ते आम्हाला कुठलं मिळणार, घरफाळा वाढेल आणि शेतावर आरक्षणं पडतील. पण याचा अर्थ असा होतो की शहर म्हणतंय गरिबांची घरं गावाकडं करा आणि गाव म्हणतंय शहराचं ओझं शहरानंच उचलावं. पुण्यात म्हाडाच्या लॉटरीत जी 20 टक्क्यांतली घरं निघतात, मोठ्या प्रोजेक्टमध्ये बिल्डरनं ठेवायची लहान घरं, तो नियम 10 लाखांच्या वरच्या शहरांना. 2011 च्या जनगणनेत आपण 5 लाख 49 हजार. म्हणजे तेही दार आपल्याला नाही. मग उरतात त्या विकास आराखड्यातल्या सार्वजनिक कामांसाठी आरक्षित जागा. त्यांचं काय होतं तर नगररचना कायद्यातलं कलम 127. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो, मुदतीत महापालिकेनं पैसे उभे केले नाहीत की आरक्षण उडालं. महापालिकेच्या सभागृहात एखादा विषय पुढच्या मीटिंगला ढकलला जातो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं काही झालं नाही. झालेलं असतं. नोटिशीच्या मुदतीतले दिवस संपत आलेले असतात.

आणि सभागृह तरी कुठं होतं. 2020 च्या नोव्हेंबरला मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षांवर प्रशासक. 2021 चा पूर त्या काळात येऊन गेला, सुतारवाड्यातली बाई तक्रार घेऊन जाणार कुणाकडं? 2026 च्या जानेवारीत एकदाचं मतदान झालं. आता 81 नगरसेवक आहेत, बहुतेक प्रभागांना चार-चार, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. पण निदान दार ठोठावायला माणूस आहे.

मला अधूनमधून सोलापूर आठवतं. तिथं कुंभारीला विडी कामगार बायकांची 10 हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आधी झाली, मग त्याच बाजूला रे नगर, 30 हजार घरांचं, त्यातल्या पहिल्या 15 हजारांच्या चाव्या 2024 च्या जानेवारीत दिल्या. कामगार नेते आडम मास्तर आणि त्यांच्या युनियननं वर्षानुवर्षं मोर्चे काढून हे करून घेतलं. तेही शहरापासनं लांबच आहे, पण तिथं विडीचं काम घरी बसून होतं, पानं आणि तंबाखू घरी आणता येतो, म्हणून बाई तिथं टिकू शकते. आपल्याकडची धुणीभांडीवाली, हमाल, रिक्षावाला, लक्ष्मीपुरीतला हातगाडीवाला, यांचं काम घरी नेता येत नाही. म्हणून सोलापूरसारखं करा असं नुसतं म्हणून चालणार नाही, आपल्याला लहान लहान जागा शहरातच शोधायला लागतील, पन्नास घरं इथं, ऐंशी घरं तिथं. अशा प्रत्येक ठिकाणी एक कॉलनी असणार आणि एक हॉल असणार आणि एक अर्ज फिरणार, हे धरूनच चालायला पाहिजे.

मी आमच्या प्रभागातल्या एका नगरसेविकेकडं गेले. तरुण आहे, नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "काकू, विरोध करणारे पन्नास जण येऊन गेले, पाठिंबा द्यायला तुम्ही एकट्या आलाय." मग तीच म्हणाली की लेखी द्या, लेखी असलं की मला सभागृहात वाचता येतं. म्हणून सध्या तेच करतेय. कॉलनीतली आणखी सहा घरं सही करायला तयार झालीत, त्यात एक काकूंची सही आहे, काकांची नाही, घरात त्यावरनं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. अर्जात लिहिलंय की घरकुलांना आमची हरकत नाही, पण बांधायच्या आधी ड्रेनेजची लाईन मोठी करा कारण ती तक्रार खरी आहे, आधीच पावसाळ्यात आमच्या चेंबरमधनं पाणी वर येतं. पोरांना खेळायला एक तुकडा ठेवा. पूररेषेतल्या कुटुंबांना पहिली घरं द्या. तळमजल्यावरची घरं म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना. बँकेसाठी पिग्मीचं पासबुक, बचत गटाची वही हा उत्पन्नाचा पुरावा धरा, हा मुद्दा महापालिकेच्या हातात नाही हे मला माहीत आहे तरी लिहिलाय.

कच्चा मसुदा मी त्या रिक्षावाल्या दादांना वाचून दाखवला, रिक्षा स्टॉपवरच, तीन-चार जण अजून जमले. त्यांनी पार्किंगचा मुद्दा घालायला सांगितला, तो घातला. एकजण म्हणाला, पहिल्या मजल्यापर्यंत तरी रॅम्प पाहिजे, जिना नको, आमच्या आईला खुर्चीतनं नेता येईल असा. दुसरा म्हणाला, हातगाडी रात्री साखळीनं बांधायला खाली लोखंडी कडी पाहिजे, भिंतीतच बसवलेली, नंतर ठोकली की प्लास्टर निघतं. मी तेही लिहून घेतलं. दादांनी कागद हातात घेऊन परत एकदा स्वतः वाचला आणि विचारलं, "मॅडम, ह्यात आमच्या सह्या चालत्यात का, का फकस्त कॉलनीवाल्यांच्याच?" मी म्हटलं चालतात की, न चालायला काय झालं, आणि दुसरा कागद जोडायला पिन शोधायला लागले.